लिस्टमध्ये १७४२, उत्तरात १६५२

मे महिन्यात मामींनी घराला रंग द्यायचा म्हणून माळा मोकळा करायला घेतला आणि पत्र्याची एक पेटी खाली आली. सावद्याजवळचं गाव, दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. पेटीत जुनी पासबुकं होती, शाळेची हजेरीपुस्तकं होती आणि त्यांच्या खाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मामांचा काळा कॉम्प्युटर होता. सोबत त्याचा अडॅप्टर आणि पाच कॅसेटी.

मामा सत्त्याहत्तर वर्षांचे. जन्मभर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं, आणि शाळा सुटली की केळीच्या बागेत. त्यांनी पाचांतली एकच कॅसेट उचलली. तिच्यावर निळ्या शाईत ‘केळी ३’ लिहिलेलं होतं.

“हे चालू व्हईन का गं पोरी?”

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. चार दिवसांत करून देते म्हटलं, लागले पाच आठवडे. त्यातले चार मशीन आणि टेप यांच्या दुरुस्तीत गेले. पाचवा गेला तो एका आकड्यावर. हे टिपण मुख्यतः त्या आकड्याबद्दल आहे. अशा कॅसेटी अजून कुणाच्या माळ्यावर असतील, तर त्यांनी माझी चूक करू नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मशीन

मशीन म्हणजे स्पेक्ट्रम प्लस. मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये आणला. त्याच्या कळा रबराच्या होत्या. टणक कळांचा प्लस १९८४ मध्ये आला. आपल्याकडे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ म्हणून विकला. मामांनी १९८८ साली तो पुण्याहून एसटीत मांडीवर ठेवून आणला. आत साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड ८० प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम आणि ४८ किलोबाइट रॅम. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवण म्हणून घरचाच टेपरेकॉर्डर.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भाचरं तिथे जायचो. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बटण दाबलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग पांढरा, आणि तळाशी सिंक्लेअरच्या नावाची १९८२ सालची एक ओळ. त्या ओळीने मला जे वाटायचं ते नंतर कुठल्याच मशीनने वाटलं नाही. कळ दाबली की तळाशी चमकणारा ‘के’ यायचा, आणि तो असेपर्यंत कळेवरचं अक्षर उमटतच नसे, अख्खा शब्द उमटे. पी दाबलं की प्रिंट, जे दाबलं की लोड. त्यामुळे टंकलेखन न येताही प्रोग्रॅम लिहिता यायचा, फक्त कोणता शब्द कुठल्या कळेखाली दडलाय ते पाठ लागायचं. मामांना सगळं पाठ होतं.

रंगांची गंमत आम्हाला कळलीच नाही, कारण टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. चित्रासाठी ६,१४४ बाइट आणि रंगांसाठी फक्त ७६८, म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग. त्यामुळे हलणारी आकृती शेजारच्या रंगात बुडायची, असं मी पुढे वाचलं. आमच्याकडे सगळंच राखाडी, तेव्हा कुणी कुणात बुडत नव्हतं.

विजेचा त्रास मात्र सगळ्यांनाच. विहिरीवरची मोटार सुरू झाली की दिवे मंद व्हायचे, आणि तासाभराचं टाइप केलेलं सगळं जाऊन पुन्हा ती १९८२ ची ओळ. म्हणून मामा दर वीस-पंचवीस ओळींनी कॅसेटवर सेव्ह करायचे. आज त्यांच्या कॅसेटवर एकाच प्रोग्रॅमच्या अर्धवट प्रती ओळीने सापडतात त्या यामुळेच.

आता मामांनी केलेलं एक काम, ज्याचा मला अजून अभिमान वाटतो. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नव्हती. पण ए ते यू अशा एकवीस जागा वापरणाऱ्यासाठी मोकळ्या सोडलेल्या होत्या. प्रत्येक जागेत आठ बाइट, म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचं एक चित्र आपण काढायचं. मामांनी चौकटीच्या वहीत एकवीस अक्षरं काढली. प्रत्येकाची सर्वांत वरची ओळ पूर्ण भरलेली, आठच्या आठ ठिपके. दोन अक्षरं शेजारी आली की वरची ओळ जुळून शिरोरेषा तयार होते! शिरोरेषेच्या वर मात्र जागा उरत नाही. वेलांटी नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही. उकार, रफार, जोडाक्षर काहीच नाही. चालला तो फक्त काना, कारण तो स्वतंत्र चौकटीत बसतो.

म्हणून मामांनी शब्दच तसे निवडले: एकर, झाड, पडझड, घड, वजन, भाव, खत, बाग, माल, दर. खर्च त्यांनी ‘खरच’ असा लिहिला, जसा आमच्याकडे बोलतात. आणि केळीच्या या प्रोग्रॅममध्ये ‘केळी’ हा शब्द कुठेच नाही, कारण त्याला एक मात्रा आणि एक वेलांटी लागते.

ज्या क्रमाने शब्द लागले त्या क्रमाने त्यांनी जागा भरल्या. ‘एकर’ सर्वांत आधी, म्हणून ए, बी, सी. ‘झाड’ला डी, ई, एफ. एकविसावी आणि शेवटची जागा, यू, ‘ट’ला दिलेली आहे. या ‘ट’कडे मी पुन्हा येते.

कॅसेट

मशीनची दुरुस्ती थोडक्यात सांगते. पस्तीस उन्हाळे पत्र्याखाली काढल्यावर कळांखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा, ज्याला मेंब्रेन म्हणतात, हात लावताच तुटला. या मशीनसाठी नवे मेंब्रेन अजून बनतात, ते मागवले. भुसावळच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी कपॅसिटर बदलून दिले आणि मॉड्युलेटर, म्हणजे चित्र अँटेनाच्या खाचेसाठी बदलणारा भाग, वगळून ते थेट टीव्हीच्या पिवळ्या खाचेत नेलं. एक सूचना मात्र मोठ्याने: या मशीनच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. आजचे बहुतेक अडॅप्टर उलटे असतात. घरातला दुसरा कुठला तरी लावून पाहू नका.

कॅसेटकडे मी जास्त वेळ दिला. आत फीतीला हेडवर दाबून धरणारा लोकरीचा तुकडा गळून पडलेला होता. फीतीच्या कडेला पांढरी बुरशी. नव्या कॅसेटचं कवच उघडून रीळ त्यात बसवलं, बुरशी कोरड्या मऊ कापडाने पुसली आणि टेप हाताने पुढे-मागे फिरवून सैल केली.

मग टेपरेकॉर्डर. मामांचा कधीच गेला होता. दुसऱ्यावर लावली तर आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. हे हेडच्या कलण्यामुळे होतं. हेडची फट फीतीशी काटकोनात हवी. ज्या रेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड जरा तिरकं असेल, तर सरळ हेडवर ती टेप वाचताना आवाजाच्या कडा बोथट होतात. गाण्यात ते खपून जातं. इथे एकेक कड म्हणजे माहिती आहे. हेडशेजारच्या एका स्क्रूने हा कल बदलता येतो. तो मी टेप चालू ठेवून, कान लावून, आवाज सगळ्यात धारदार होईपर्यंत हळूहळू फिरवला. आधी स्क्रूवर खूण करून ठेवली होती, रेकॉर्डर दुसऱ्याचा होता.

मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, आपल्या रेकॉर्डरच्या स्क्रूवर त्यांनी मामींच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. दुसऱ्या कुणाची कॅसेट आली की फिरवायचा, काम झालं की ठिपक्यावर परत आणायचा.

आवाज लॅपटॉपमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी उतरवला. स्टिरिओ रेकॉर्डरच्या दोन वाहिन्यांपैकी एकच घेतली. दोन्ही मिसळल्या तर हेडच्या उरल्यासुरल्या तिरकेपणाने त्या एकमेकींना खातात. आवाज कमी करणारी सगळी सोय बंद. आणि ही पहिली फाइल तशीच ठेवून दिली, पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर. या एका सवयीने मला शेवटी वाचवलं.

अर्धा मिलिमीटर

स्पेक्ट्रमच्या टेपचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो झोपेतही ओळखू येईल. आधी पाच सेकंद एकसुरी लांब सूर. मग एक छोटा चित्कार, त्यात १७ बाइटांची ओळख: हा प्रोग्रॅम आहे की नुसती माहिती, दहा अक्षरांचं नाव, लांबी, कुठल्या ओळीपासून सुरू करायचं. मग दोन सेकंद पुन्हा तोच सूर, आणि त्यानंतर खरी करकर. सूर चालू असताना पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे, करकर सुरू झाली की निळे-पिवळे. आमच्याकडे अर्थातच काळे-पांढरे.

करकरीत दोनच प्रकारचे ठोके असतात. शून्यासाठी सुमारे ०.४९ मिलिसेकंदाचा, एकासाठी त्याच्या दुप्पट. म्हणजे सरासरी सेकंदाला दीडेक हजार बिट. सगळ्यात शेवटी एक पडताळणी बाइट असतो. आधीच्या सगळ्या बाइटांचा बिटागणिक ‘एक्सॉर’ केला (दोन बिट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य) की तो यायला हवा. नाही आला तर तेच वाक्य, ज्याने माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांच्या दुपारी खाल्ल्या: आर टेप लोडिंग एरर.

ओळख नीट वाचता आली. नाव इंग्रजी अक्षरांत ‘केळी३’, लांबी २,९१४ बाइट. म्हणजे सोळा सेकंदांची करकर. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातले २,९१२ बाइटच मिळाले. दोन कमी.

ती जागा मी आवाजाचा आलेख मोठा करून डोळ्यांनी शोधली. सहाव्या सेकंदाच्या पुढे एका ठिकाणी ठोके चपटे होऊन नाहीसे होत होते आणि ११.७ मिलिसेकंदांनी पुन्हा उभे राहत होते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते. हिशोब केला तर खराब जागा जेमतेम अर्धा मिलिमीटर निघाली. बुरशीचा एक डाग.

आजूबाजूचे बाइट वाचले. साठाव्या ओळीत होतं: लेट झेड बरोबर ए गुणिले, मग अंक ‘१’, मग पोकळी, मग अंक ‘२’. म्हणजे एकरांना कुठल्या तरी चार आकडी संख्येने गुणलं होतं, आणि तिचे मधले दोन अंक गेले होते.

इथे मला खूप हुरूप आला, कारण पुरावा बराच होता. पोकळीची लांबी शून्याच्या ठोक्याच्या २४ पट. दोन बाइटांचे सोळा बिट, म्हणजे त्यांत आठ एक आणि आठ शून्य असणार. पडताळणी बाइटावरून उलटं गणित केलं, तर हरवलेल्या दोन बाइटांचा एक्सॉर ३ यायला हवा. दोन्ही अटी पाळणाऱ्या अंकांच्या जोड्या कागदावर काढल्या. चारच निघाल्या: ४७, ७४, ५६, ६५. म्हणजे संख्या १४७२, १७४२, १५६२ किंवा १६५२.

रावेर-यावलच्या माणसाला यात विचार करायचं कारणच नाही. बसराई केळी पाच बाय पाच फुटांवर लावायची. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागिले पंचवीस, १७४२. हा आकडा मी लहानपणापासून ऐकत आलेय. दोन बाइट भरले, ७ आणि ४. पडताळणी जुळली. रात्रीचे अकरा वाजले होते, मी घरात एकटी होते, आणि मोठ्याने “जमलं!” म्हणाले.

एबीसी

लॅपटॉपवरच्या स्पेक्ट्रमच्या नकलेत, म्हणजे एम्युलेटरमध्ये, प्रोग्रॅम चढवला. पहिल्याच ओळीत तो टेपवरचा पुढचा तुकडा मागत होता, अक्षरांचा. तो अजून उतरवला नव्हता, म्हणून ती ओळ टाळून पुढे गेले. अक्षरं नसली की त्या एकवीस जागांत साधी इंग्रजी मुळाक्षरं दिसतात. त्यामुळे पडद्यावर पहिला प्रश्न आला: ‘एबीसी ?’ म्हणजे एकर किती.

१ दिलं. उत्तर आलं १६५२.

लिस्ट काढली, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर आणल्या. साठाव्या ओळीत स्पष्ट १७४२. पुन्हा चालवला, २ दिलं, तर ३३०४. लिस्टमध्ये १७४२ दिसतंय आणि मशीन गुणतंय १६५२ ने.

आधी एम्युलेटरवर संशय घेतला. दुसरा घेतला, तेच. मग वाटलं, पुढे कुठेतरी नव्वद वजा होत असतील. पण दोन एकरांना १८० कमी, म्हणजे वजाबाकी नाही, गुणाकारच वेगळा. सगळ्या ओळी तपासल्या. त्यात एकच खूण होती आणि ती मी ओलांडून गेले. उत्तराच्या शेजारी छापलं जात होतं: ‘जीईयू आयजेई’. अक्षरं नसल्यामुळे निरर्थक. मी ते सोडून दिलं.

त्या रात्री गच्चीवर खाट टाकून पडले. झोप नव्हती. पहाटे कधीतरी मामांचं एक जुनं वाक्य आठवलं. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं की इवल्याशा प्रोग्रॅमला एवढी मेमरी कशी लागते. ते म्हणाले होते, “हे मशीन परतेक आकडा दोनदा लिहितं. एक आपल्यासाठी, एक सोतासाठी.”

आणि ते खरं आहे. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत, तुम्ही ओळ टाइप करून एंटर दाबता, तेव्हा प्रत्येक संख्येच्या अंकांमागे १४ हा एक खुणेचा बाइट आणि त्यामागे पाच बाइटांत तीच संख्या मशीनच्या भाषेत जोडली जाते. लिस्टमध्ये फक्त अंक दिसतात. प्रोग्रॅम चालताना मात्र मशीन अंकांकडे बघत नाही, मागचे पाच बाइट वापरतं, म्हणजे दरवेळी अंकांची संख्या करण्याचा वेळ वाचतो. किंमत, प्रत्येक आकड्यामागे सहा बाइट.

उजाडायच्या आत खाली येऊन ते बाइट उघडले. ४९, ५५, ५२, ५०: हे अंक १, ७, ४, २. त्यातले मधले दोन मी घातलेले. मग १४. मग ०, ०, ११६, ६, ०. सहा गुणिले २५६ अधिक ११६.

१६५२.

कागद पुन्हा काढला. चार उमेदवारांत १६५२ होतंच. ‘७४’ आणि ‘६५’ या दोन जोड्यांत एकाची संख्या सारखी, एक्सॉर सारखा. फीतीवरची लांबी सारखी, पडताळणी सारखी. माझ्या दोन्ही परीक्षांत चुकीचं उत्तर पूर्ण गुणांनी पास झालं होतं. आणि मी ते निवडलं होतं, कारण ते मला आधीपासून माहीत होतं.

दोन गोष्टी थोडक्यात हुकल्या, त्या इथे नोंदवते. एक, मी ती साठावी ओळ दुरुस्तीसाठी उघडून नुसतं एंटर दाबलं असतं, तर मशीनने माझ्या १७४२ वरून पाच बाइट नव्याने लिहिले असते आणि मामांचा आकडा त्या प्रतीतून पुसला गेला असता. दोन, मेमरी वाचवण्यासाठी त्या काळी बरेच जण आकडा अवतरणात घालून त्याच्याआधी ‘व्हॅल’ लिहायचे, म्हणजे मागचे पाच बाइट लागत नाहीत आणि जागा वाचते. मामांनी तशी काटकसर केली असती, तर खरा आकडा कळायला काही मार्गच नव्हता.

पाट वजा

मग अक्षरांचा तुकडा उतरवला. १६८ बाइट, एक चरचर, बिनचूक. तो चढवला आणि पडद्यावर शिरोरेषा आली. ‘एबीसी’च्या जागी ‘एकर’. आणि उत्तराशेजारच्या ‘जीईयू आयजेई’च्या जागी:

पाट वजा

मी आधी हे पाटपट्टी समजले, पाण्याच्या पैशांची वजावट. पण पैशांचा हिशोब प्रोग्रॅममध्ये बराच पुढे आहे. मग मामांकडे गेले. त्यांना १७४२ सांगितलं नाही, १६५२ ही सांगितलं नाही. फक्त विचारलं, मामा, तुम्ही एकराला झाडं किती धरायचे?

ते बराच वेळ अंगणातल्या लिंबाकडे बघत राहिले.

“सोयाशे बावन,” ते म्हणाले. “पुस्तकात सतराशे बेचाळीस आहे. पण आपल्या मयात पाट व्हता ना, मधून. त्याची जागा जाते. बांधाची जाते. मी अन् तुह्या आजानं एक दिवस झाडं मोजेल व्हती, एकेक.”

मग कळलं ‘केळी ३’ मधला ३ कशाचा. पहिल्या दोन प्रोग्रॅमांत १७४२ च होतं. त्यावरून काढलेलं मालाचं वजन कापणीच्या वेळी कधीच जुळायचं नाही, दरवेळी कमी भरायचं. मामांना वाटे घडाचं सरासरी वजन चुकतंय, मग वाटलं व्यापाऱ्याचा काटा. शेवटी आजोबा म्हणाले, आधी झाडं तर मोज. मोजली. आकडा बदलला, आणि बदल का केला ते पडद्यावरच लिहायचं ठरवलं. ‘पाट’साठी ‘ट’ लागत होता. एकवीसपैकी एकच जागा उरली होती.

तो पाट आता नाही. पुढे ठिबक आलं, नळ्या अंथरल्या, पाट बुजवून तिथेही झाडं लागली. अंतरंही बदलली, बसराई जाऊन टिश्यू कल्चरची रोपं आली. पाटात पाय सोडून आम्ही बसायचो ती जागा नेमकी कुठे, हे मामांनाही आता बोटाने दाखवता येत नाही. तो किती जागा खायचा, तेवढं मात्र त्या पाच बाइटांत आहे.

फाइलमध्ये मी ७ आणि ४ काढून ६ आणि ५ घातले. पडताळणी अर्थातच पुन्हा जुळली. मूळ आवाजाची फाइल, माझी चुकलेली प्रत आणि दुरुस्त प्रत अशा तिन्ही ठेवल्या आहेत. कुठले दोन बाइट माझे आहेत आणि ते कशावरून ठरवले, हे सोबत लिहून ठेवलं आहे. भरलेली जागा भरलेली म्हणून दाखवली नाही, तर पुढच्याला ती मूळचीच वाटते.

जूनच्या पहिल्या रविवारी मशीन मामांच्या ओसरीवर मांडलं. टेपरेकॉर्डरऐवजी लॅपटॉपच्या हेडफोनच्या खाचेतून वायर. टीव्ही आता रंगीत, त्यामुळे ते पट्टे मी त्या घरात पहिल्यांदा रंगांत पाहिले. मामा खुर्ची ओढून बसले. त्यांनी कळांकडे बघितलंसुद्धा नाही. जे, मग अवतरणचिन्ह दोनदा, एंटर. लांब सूर सुरू झाला तसे सैंपाकघरातून मामी हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा आवाज!”

पडदा पांढरा झाला. ‘एकर ?’

मामांनी ४.५ दिलं. ७४३४, शेजारी ‘पाट वजा’. त्यांनी मान हलवली. पुढचा प्रश्न आला: ‘पडझड ?’

वळवाच्या वादळात आमच्याकडे उभ्या बागा आडव्या होतात. तो आकडा मामा दरवर्षी बांधावर उभं राहून मोजून आणायचे आणि मग इथे भरायचे. त्यांचं बोट कळांवर थांबलं. उजवीकडे, जिथून पूर्वी बाग दिसायची आणि आता शेजाऱ्याचं दुमजली घर दिसतं, तिकडे त्यांनी एकदा बघितलं.

मग शून्य दाबलं, आणि एंटर.